झुमक्यातली सातवी चांदणी

मी ताऱ्याला कधी सरळ बोट दाखवत नाही. मूठ वळते, पहिलं बोट मुडपते आणि त्याचं पेर वर करून म्हणते, "तो बघ, तिकडं." नातवंडांना याची मजा वाटते. मोठ्या नातीच्या फोनसमोर आभाळ आलं की तारे आपापली नावं सांगत हजर होतात. ती परवा म्हणाली, "आजी, तू शाळेत शिकवायचीस ना? मग हे काय?" मी म्हटलं, "संधिवात आहे गं. बोट सरळच होत नाही." थोड्या वेळाने त्याच बोटाने बरणीच्या तळातला मुरांबा काढताना तिने मला पकडलं. मग सांगावंच लागलं.

बोट मुडपलं ते ऐन विशीत. तेव्हाची ती पोरगी, म्हणजे मी, आज कुठे भेटली तर आधी तिच्या डोक्यात एक टपली मारीन आणि मग बोलेन. महाराष्ट्र राज्य तेव्हा इतकं नवं होतं की शाळेच्या भिंतीवरचा नकाशा अजून जुनाच होता. हेडगुरुजींनी त्यावर लाल शाईने नवी हद्द ओढली होती आणि शाई ओघळून समुद्रात गेली होती. बुलढाण्याहून शिकून, मास्तरीण होऊन, मी साखरखेर्ड्याच्या अलीकडच्या एका लहानशा गावी आले. बरोबर वळकटी, काळी छत्री आणि वडिलांनी दिलेली तीन सेलांची बॅटरी. ही बॅटरी मी भर दुपारीसुद्धा खांद्याला अडकवून हिंडत असे. माझी ठाम समजूत होती की इतकी वर्षं त्या गावात अंधार होता, तो माझीच वाट पाहत होता.

गाव भाजीपाल्याचं. विहिरीवर मोट चालायची, पाटाला पाणी वाहायचं, आणि उजाडायच्या आत मेथीच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, पाट्या मेहकरच्या बाजाराला निघायच्या. पोरं शाळेत यायची ती नखांत माती आणि अंगाला सांभाराचा वास घेऊन.

त्या सुमारास रेडिओवर बातमी आली होती की माणूस यानात बसून पृथ्वीला चक्कर मारून आला. गावात रेडिओ एकच, त्याच्याभोवती सगळे. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर पृथ्वी काढली, तिच्याभोवती यान काढलं आणि पुस्तकातलं घोकलेलं सांगायला लागले.

"बाई, थो मानूस खाली काऊन नाई पडला?"

"तो पडतच होता. पण त्याच्याखालून पृथ्वीही वळत जात होती."

"मंग अजून पडूनच राह्यला का?"

"नाही रे. उतरला."

"कुठीसा?"

"त्यांच्या देशात."

"बरं झालं. आमच्या मेथीत उतरला असता तं आबानं सोडला नसता."

वर्ग हसला. मी छडी आपटली, कारण 'पडतच होता' म्हणजे काय हे मलाही कळलं नव्हतं आणि कोणी पुढचा प्रश्न विचारील ही भीती होती.

मग मी ठरवलं, पोरांना सगळं आभाळच दाखवायचं. सुरुवात सूर्यापासून. तिसरीतल्या एका मुलीला घरून मोठंसं कोहळं, म्हणजे तिकडचा लाल भोपळा, आणायला सांगितलं. ही मुलगी काटकुळी, वेणीला लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली, आणि चेहऱ्यात डोळेच डोळे. आईबाप दिवसभर मळ्यात, घरात राज्य आजीचं. तिने डोक्यावरून कोहळं आणलं, पिवळंधमक, दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल एवढं. ते मी शाळेच्या ओट्यावर ठेवलं, पलीकडच्या कडुलिंबाच्या झाडाखाली जाऊन तळहातावर ज्वारीचा एक दाणा धरला आणि ओरडले, "ही आपली पृथ्वी! यात आपलं गाव, मेहकर, बुलढाणा, सगळं!"

पोरं दाण्याकडे बघत राहिली. एकीने हळूच विचारलं, "अन् या दान्याच्या खाली काय हाये, बाई?"

"काही नाही."

"म्हंजे जमीन?"

"जमीन दाण्यातच आली. खाली काही नाही. वर काही नाही. नुसती पोकळी."

तिने माझ्या हाताखाली वाकून बघितलं. तिथे माझी चप्पल होती, त्यामुळे तिचं समाधान झालं.

मग मी ओट्याशी परत आले, "आणि हा सूर्य!" म्हणत सरळ बोट रोखून कोहळ्याला टेकवलं. सगळा वर्ग एकदम उभा राहिला.

"बाई! बोट नोका दावू! सडते थे!"

त्या गावातली लेकरं चालायला शिकायच्या आधी हे शिकायची. वेलावरच्या कोहळ्याला सरळ बोट दाखवायचं नाही, मुठीने दाखवायचं किंवा बोट मुडपून. सरळ बोट लागलं की फळ मऊ पडतं आणि गळतं. चुकून दाखवलंच, तर ते बोट दातांत धरून वेलापुढे उभं राहायचं, म्हणजे लागलेलं बोट उतरतं. हे सगळं मला पाच-सहा जणांनी एकाच वेळी सांगितलं. मी काय केलं असेल? मी हसले. आणि पुन्हा एकदा, टिळा लावावा तसं, त्याच जागी बोट दाबलं. विज्ञानाच्या बाजूने.

कोहळं वर्गाच्या खिडकीत ठेवलं. काही दिवसांनी वर्गात गोडूस, कोंदट वास यायला लागला. मी कोहळं फिरवून बघितलं. एका जागी काळा डाग पडला होता. तो माझ्या बोटाचीच जागा होती की नाही, मी शपथेवर सांगणार नाही. पोरं मात्र शपथेवर सांगत होती. पोरांनी ते 'सूर्य बुडाला, सूर्य बुडाला' करत दोनदा पायरीवरून गडगडवलं होतं, तेव्हा सडलं तर नवल काय, असं मी मोठ्याने म्हटलं आणि डागाला बोट लावून बघितलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. आत ऊब होती, एखाद्या जिवंत गोष्टीच्या पोटात असावी तशी. मी हात झटकला. वर्गात कोणी हसलं नाही.

तरी दिवाळीनंतर मी संध्याकाळचा तास सुरू केलाच. दिवेलागणीला पोरं ओट्यावर तरट टाकून बसायची आणि मी त्यांना तारे दाखवायची. खरं तर अर्धे तारे त्यांनीच मला दाखवले. मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांना त्यांच्याकडे तिफन म्हणत, कारण पेरायच्या तिफनीला तसे तीन दाते असतात. कृत्तिकांना म्हणत झुमका. झुमका पूर्वेला वर आला की मी विचारायची, किती चांदण्या दिसतात? सगळे म्हणायचे सहा. मलाही सहाच दिसायच्या. ती कोहळं आणणारी मुलगी एकटी म्हणायची, सात.

"सातवी कुठे?"

"थ्या कडंच्या दोघींच्या खाली, बाई. बारीक हाये. लाजून राह्यली."

मी डोळे फाडून बघितलं. काही नाही. पण पुस्तकात सात लिहिल्या होत्या, आणि मास्तरणीला न दिसता पोरीला दिसणं हे काही बरं दिसलं नसतं. म्हणून मी म्हटलं, "शाबास. मलाही दिसते." आणि ती इतरांनाही दाखवावी म्हणून बॅटरी लावली, झोत वर टाकला आणि त्या झोतातून सरळ बोट लांबवलं. नेमकं कुठे रोखायचं हे माहीत नव्हतं, म्हणून सगळ्या झुमक्यावरूनच फिरवलं.

पोरांनी माना खाली घातल्या. ती हळूच म्हणाली, "बाई, बोट."

"हे बघा," मी म्हटलं, आणि कंबरेवर हात ठेवला, "हे तारे इतके दूर आहेत की आज तुम्हाला दिसतो तो त्यांचा उजेड तिथून निघाला, तेव्हा तुमच्या आजीची आजीही जन्मली नव्हती. माझ्या बोटाने त्यांचं काय होणार आहे?"

तिने जरा विचार केला. "मंग आत्ता त्या तिथं हायेत का?"

"म्हणजे?"

"उजेड जुना हाये म्हनता ना. मंग आत्ता, या टायमाले, त्या हायेत का विझल्या?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं. "एखादी विझलीही असेल. आपल्याला कळायला वेळ लागेल."

या वाक्यावर मी त्या काळी फार खूष होते. खोलीवर जाऊन आरशासमोर पुन्हा एकदा म्हणून बघितलं. पोरं मात्र त्या संध्याकाळी घरी जाताना वर न बघता, एकमेकांचे हात धरून गेली.

मग गावात गोवर आली. घराघरांच्या दारांना कडुलिंबाचे डहाळे लागले. ती पोरगीही आजारी पडली. आजीने तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं, घरात फोडणी बंद, भाजी बंद, लेकराला नुसती पेज. पौषात ती शाळेत परत आली तेव्हा चेहऱ्यात डोळ्यांशिवाय काही उरलंच नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर येऊन बसली, वर बघितलं, आणि हजेरी द्यावी तशा आवाजात म्हणाली, "बाई, सातवी गेली."

"ढग असेल."

ढग नव्हता. आणि मी काय सांगणार होते? मला सातवी आधीच कधी दिसली नव्हती, तर ती गेली की आहे हे मी कशावरून म्हणू? 'मलाही दिसते' म्हणून बसले होते ना. त्या संध्याकाळी पोरं गेल्यावर मी पुन्हा पुन्हा मोजलं. सहा. दर वेळी सहा.

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "झुमका फुटला. नुसता धूर हाये." मग, "तिफनीचा एक दाता गेला." मग, "तिफन गेली." रोज संध्याकाळी एकेक. ती रडत नव्हती, घाबरलेलीही दिसत नव्हती. आपल्या मळ्यातल्या वांग्यांवर कीड कुठवर आली ते सांगावं, तसं सांगायची. तिफन तर माझ्या डोक्यावर लखलखत होती. पण ती इतक्या शांतपणे सांगायची की माझेच डोळे मला खोटे वाटू लागले. ज्या उजेडाला यायला इतकी वर्षं लागतात, तो विझल्याची बातमी हिला आधी कळली नसेल ना, असंही एकदा मनात येऊन गेलं. मीच शिकवलेलं मलाच येऊन चावत होतं.

बाकीची पोरं एकेक करून संध्याकाळची यायची थांबली. आया पाठवेनात. बाईने आभाळाला बोट लावलं आणि चांदण्या सडून गळायला लागल्या, हे गावात मोटेवर बोललं जात होतं. हेडगुरुजी सज्जन माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, खगोल पुरे झाला. आता जरा पाढे घ्या."

शेवटी एका संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघीच उरलो. पश्चिमेला थोडा उजेड होता, बाकी अंधार. कंदील मी अजून लावला नव्हता.

"आज काय गेलं?" मी विचारलं.

"आज काईच नाई राह्यलं, बाई. आभाळ कोरं हाये."

वर व्याध इतका तेजाळ होता की त्याच्याकडे बघून कुत्रं भुंकलं असतं. आणि मग, भीती वाटली की मला राग येतो तसा, राग आला. वाटलं, ही कार्टी मला बनवते आहे. इतके दिवस मला, शिकलेल्या बाईला, बोटावर नाचवते आहे. म्हटलं, थांब, पकडतेच तुला.

"बस इथे. मी पाणी पिऊन येते," मी म्हटलं. चपला वाजवत चार पावलं गेले, चपला काढल्या आणि अनवाणी, श्वास धरून परत आले. तिच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर वाकले, दोन्ही हातांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या आणि जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढली. या कलेत मी पारंगत होते. माझ्या भावंडांपैकी एकालाही हे बघून हसू आवरलेलं मला आठवत नाही.

ती सरळ माझ्याकडे बघत होती. टक्क डोळे. पापणी हलली नाही, ओठ हलला नाही. पश्चिमेचा उरलेला उजेड तिच्या बुबुळांत मला दिसत होता. मी तिला दिसत नव्हते.

"बाई?" ती म्हणाली.

माझी जीभ तशीच बाहेर, वाळत चाललेली.

"बाई तं पानी प्याले गेल्या," ती स्वतःशीच म्हणाली. मग मान किंचित वाकडी करून, अगदी हळू, "मंग हा कोनाचा श्वास लागून राह्यला माह्या तोंडाले?"

भूत व्हायला मरावं लागत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. नुसतं कोणाला न दिसता त्याच्यासमोर उभं राहिलं की पुरतं.

"मी आहे गं," मी म्हटलं, तशी तिने किंकाळी फोडली. मी तिला पोटाशी धरलं. "तुला मी दिसत नाही?"

"अंधारात कोनाले दिसते, बाई?" तिने खरोखरच्या नवलाने विचारलं.

तिला वाटत होतं, सगळ्यांचं असंच असतं. दिवस मावळला की सगळेच भिंती धरून चालतात, आवाजावर जातात, कंदिलाच्या ठिपक्याकडे बघत पाय टाकतात. आभाळ मात्र पूर्वी दिसायचं आणि आता विझलं, एवढंच तिला कळलं होतं. मग मला एकेक आठवायला लागलं. हल्ली ती परतताना कुंपणाच्या काट्यांवरून हात फिरवत जायची. परवा रांजणाला धडकली, तेव्हा मी तिलाच रागावले होते. रातांधळेपणा हा शब्द मी परीक्षेसाठी पाठ केला होता, कारणं आणि उपायांसकट. पेपरात लिहिला, मार्क मिळवले आणि तिथेच सोडून आले होते.

बॅटरी लावून, तिचा हात धरून, मी तिच्या घरी पळत गेले. आजी अंगणात कंदिलापाशी बसून सकाळच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. हिरवागार ढीग पडला होता. चुलीशी भाकरी आणि मिरच्यांचा ठेचा झाकून ठेवला होता. गोवर जाऊन महिना उलटला होता, पण त्या घरात लेकराच्या ताटात अजून भाजी आली नव्हती. भाजी बाजारात जात होती.

"आजी, हिला दिवस मावळला की दिसत नाही. उद्या मेहकरच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"हाव. दिसत नाई थे मले माहीत हाये," आजी म्हणाली. जुडी बांधणं थांबलं नाही. "काऊन दिसत नाई, थे बी माहीत हाये." आणि तिने माझ्या हाताकडे बघितलं. "कोहळ्याले बोट लावलं, कोहळं सडलं. आभाळाले बोट लावलं. आता डाक्टर काय करन? चांदण्या शिवन?"

"आजी, उशीर झाला तर डोळे जातील तिचे. दिवसासुद्धा दिसणार नाही. कधीच नाही."

आजीचा हात मेथीवर थांबला. पोरगी दारात उभी होती, एक हात चौकटीला. आजीने तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मंग उतरवा."

"काय?"

"बोट. दातात धरून उभं राह्याचं असते. तुमी बोट उतरवा, मी सकायच्या मोटारीत बसतो पोरीले घेऊन. नाई तं नाई."

माझ्याकडे वाद घालायला पुष्कळ मुद्दे होते. पण बस सकाळची होती, आणि आजीशिवाय त्या पोरीला कोणी बसमध्ये बसू दिलं नसतं. मी म्हटलं, "चला."

मळा घरामागेच. आजीने मला कोहळ्याच्या वेलांत नेऊन उभं केलं. बॅटरी काढून घेतली. कंदीलही माघारी नेला. "उजेड नोका ठेवू," ती म्हणाली, "चांदण्यायनं तुमाले पाह्यलं पाह्यजे." आणि ती गेली.

आता चित्र बघा. विशीतली बाई, दोन वेण्या, दातात स्वतःचं बोट, कोहळ्यांमध्ये उभी. तेव्हाच्या त्या मास्तरणीला मी आजवर बरीच हसले आहे, पण त्या मळ्यातलं आठवलं की हसू अर्ध्यावर अडकतं. आजूबाजूला पानांआड कोहळी पडली होती, अंधारात माणसांची डोकी असावीत तशी. वारा नव्हता. पाट बंद झाला होता, तरी कुठेतरी थेंब टपकत होता. मी झुमक्याकडे मान वर करून बघत राहिले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आणि बघता बघता आभाळ वर राहीना. आतापर्यंत ते माझ्यासाठी छत होतं, त्यावर ठिपके. मी पोरांना पोकळी म्हणून सांगितलं होतं, दाण्याच्या खाली काही नाही म्हणून सांगितलं होतं, पण ते सांगणं फळ्यावरचं होतं. आता ते छत निघून गेलं. एक तारा जवळ, एक त्याच्या मागे, एक त्याच्याही मागे, आणि मधे काही नाही, आणि मागेही काही नाही. मला वाटलं, मी वर बघत नाही, खाली बघते आहे. मी ज्वारीच्या दाण्याच्या बुडाशी चिकटले आहे आणि पाय सुटले तर पडत राहीन, त्या यानातल्या माणसासारखी, पण उतरायला कुठला देश नाही. मी एका हाताने शेजारच्या वेलमांडवाचा खांब घट्ट धरला. बोटात दात कधी रुतले, कळलं नाही. रक्ताची चव आली तेव्हा कळलं.

भीतीने नजर झुमक्यावरून जरा बाजूला सरकली. आणि त्याच वेळी, डोळ्याच्या कोपऱ्यात, कडेच्या दोघींच्या खाली, ती दिसली. बारीक. सरळ बघितलं की नाहीशी. बाजूला बघितलं की होती.

सातवी होती. खरोखर लाजत होती. आणि मला उगाच नाही, नक्की वाटलं, की ती आधीपासून माझ्याकडे बघत होती.

"झालं. चला आता," मागून आवाज आला. मी दचकून वळले. आजी माझ्या पाठीशी हातभर अंतरावर उभी होती. ती गेली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. परत कधी आली, किती वेळ उभी होती, मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

सकाळी आम्ही तिघी मेहकरला गेलो. डॉक्टरांनी अंगठ्याने तिची पापणी उचलली, उजेडाकडे वळवून बघितलं आणि म्हणाले, "आता आणली म्हणून निभावलं. नाहीतर बुबुळावर पांढरं चढलं असतं, मग माझ्या हातात काही नव्हतं." माशाच्या तेलाची बाटली दिली. मग आजीला विचारलं, "मळ्यात काय लावता?"

"मेथी, सांभार, पालक. कोहळं."

"आणि हिच्या ताटात काय असतं?"

आजी पदराशी चाळा करत राहिली. पण त्या संध्याकाळी तिने पाट्यांतल्या दोन जुड्या बाजूला काढल्या आणि चुलीवर ठेवल्या, हे मी स्वतः पाहिलं.

आभाळ परत आलं ते उलट्या क्रमाने. पहिला व्याध आला. मग तिफन, तिन्ही दात्यांसकट. मग झुमक्याच्या जागी धूर, आणि धुरातून एकेक चांदणी. गावाने ठरवलं की बाईने बोट उतरवलं, तशा चांदण्या पुन्हा लागल्या. मी तेलाबद्दल सांगायचा प्रयत्न केला. "तेल बी चांगलंच असते," असं म्हणून त्यांनी माझं मन राखलं. पोरं संध्याकाळची पुन्हा यायला लागली, एका अटीवर. ती अट काय असेल, ते माझ्या नातीने ओळखलं.

एके दिवशी बाकीची पोरं घरी गेल्यावर ती मागे रेंगाळली. दिवस बुडाला होता, कंदील लावायचा होता. मला राहवेना. "बस इथे, मी पाणी पिऊन येते," मी म्हटलं. चपला वाजवत गेले. चपला काढल्या. अनवाणी परत आले. वीतभर अंतरावर वाकले, पापण्या ओढल्या, जीभ काढली.

ती टक्क बघत होती. तेच डोळे, तोच पश्चिमेचा उजेड. पापणी हलली नाही. म्हटलं, पुन्हा गेलं सगळं.

मग तिचे ओठ सावकाश उघडले आणि तिची जीभ बाहेर आली, लांबलचक, माशाच्या तेलाचा वास मारणारी, थेट हनुवटीपर्यंत.

मी मटकन ओट्यावरच बसले. हसले, आणि डोळे पुसले, आणि पुन्हा हसले. तीही खिदळत होती. "बाई, सातवी बी आली," ती म्हणाली. "काल आली. सांगाची राह्यली."

आणि एकदम ती हसायची थांबली. माझ्या खांद्यावरून पलीकडे, जरा वर, बघत राहिली.

"बाई, तुमच्या मागं कोन उभं हाये?"

"कोण?" मी म्हटलं.

"आता मले दिसते ना," ती म्हणाली, "म्हनून इचारलं."

नात म्हणते, ती तुझी मस्करी करत होती, आजी. जिभेची परतफेड. मी म्हणते, अर्थात, दुसरं काय असणार. मी मागे वळून बघितलं का, असंही तिने विचारलं. मी बोट मुडपलं आणि तिला झुमका दाखवला.

"मोज," मी म्हटलं. "सहा दिसतील. आणि सरळ नको बघू. जरा बाजूला बघ."

तिने मोजलं, नजर बाजूला नेली. मग कधी नव्हे ते, माझ्या अंगाला चिकटून बसली.